आटवण

एलिसेओ, तुझ्या कार्डात जागा बत्तीस जीबी.
दुकान बंद केलं तेव्हा वाल्दोनं घरी आणलेल्या चकत्या
एकशे बारा,
एकेक सात-साडेसात जीबीची.
कोंड्याचा मांडा करणाऱ्या बाया मी पाहिल्यात,
इथं मांड्याचा कोंडा करायचाय.

तू म्हणालास, चाळीस पुरे, आत्या.
खेकड्यांच्या बोटीवर चार महिने,
चार वाजता अंधार, नेट नाही,
आणि कप्तानाकडे नुसत्या फुटबॉलच्या जुन्या मॅचेस.

तर मी आधी चकती पुसते,
मधून कडेकडे, गोल नाही. (वाल्दो गोल पुसायचा.
म्हणून तर ओरखडे.)
मग ती यंत्रात घरघरते, अडते, पुन्हा धरते,
आणि सिनेमा ओरबाडून निघतो, सगळाच्या सगळा.
तो मग मंद आचेवर ठेवायचा.
एकाला तीन तास.
पंखा इतका ओरडतो की
सामुद्रधुनीवरचा वारा ऐकू येत नाही.
पुंता अरेनासमध्ये हे कुणाला खरं वाटणार नाही.
मागून गरम हवा येते, तिथं तुझे मोजे वाळत घातलेत.

दूध आटवलं की दाट होतं.
मान्हार करताना कढईत तासभर हात फिरवलाय मी, मला माहीत आहे.
सिनेमा आटवला की पातळ होतो.

यंत्र कंजूष आहे. त्याचा नियम एकच:
जे हललं नाही, ते पुन्हा लिहायचं नाही.
दोन माणसं टेबलाशी बसून दहा मिनिटं सूप पितात,
मागची भिंत तेवढा वेळ फुकट उभी असते.
चमचा हलला, चमचा लिहा.
डोळा हलला, डोळा.
जे जागचे हलत नाहीत
त्यांचा खर्चच नाही.

पण समुद्र आला की त्याची त्रेधा.
एक लाट दुसरीसारखी नसते, हे तुला मी काय सांगू.
बर्फ पडू लागलं तरी तेच.
वादळाच्या एका सिनेमानं दीड जीबी खाल्लं,
म्हणून तो काढून टाकला.
वादळ तुला तिथं मिळेलच.

आकडा उलटा चालतो, वाढवला की चित्र घटतं.
अठरावर नटीच्या गालावरची लव दिसत होती,
चोविसावर गाल साबणाच्या वडीसारखा.
अंधाराला पायऱ्या पडल्या.
बाविसावर थांबले. बाजारात थांबतो तसं,
तुझंही नाही, माझंही नाही.

फ्रेंच काढलं, पोर्तुगीज काढलं,
सुरुवातीची तंबी, मेन्यूवरची तीच ती धून.
बहिऱ्यांसाठीची अक्षरं ठेवली,
तुमच्या इंजिनाजवळ सगळे बहिरेच.

राहिली दिग्दर्शकाची बडबड.
असते काही चकत्यांवर, वेगळ्या पट्टीवर,
सिनेमा चालू असताना हा गृहस्थ बोलत राहतो,
इथं पाऊस खोटा होता, इथं घोडा लंगडत होता.
पहिल्याच चकतीला मी खूण काढली.
ऐंशी एमबी वाचले.

एकोणीस वर्षं मी वाल्दोला म्हणत होते, गप्प बस.
आता बघ, हा मागच्या दारानं येणार.
आता बघ, पत्र चुकीच्या खिशात आहे.
पूर्ण दुकान पाहून झालेलं त्याचं,
एकही शेवट त्यानं मला शेवटी पाहू दिला नाही.

सतराव्या चकतीला खूण परत केली.
मग मागे जाऊन आधीच्या सगळ्यांना.
जिथं जिथं बडबड होती तिथं तिथं.
पुन्हा तीन तास, पुन्हा तीन तास.
भाषा मला कळत नाही. हसतो मात्र तो
बरोबर त्याच जागी, विनोदाच्या जरा आधी.

तेव्हा तुझे सिनेमे चाळीस नाहीत, छत्तीस.
रागावू नकोस.
आवाज बदलायचं बटण उजवीकडे खाली आहे.
पहिल्या रात्री मात्र तो माणूस बोलेल,
त्याला बोलू दे थोडा वेळ.

एक मोजा अजून ओला आहे.